चाळीस मिलिमीटर

आरशाच्या दुर्बिणीला कॅमेरा जोडला की तारा दिसत नाही, मेदूवडा दिसतो. गोल, पांढरट, मधोमध काळं भोक. फोकसरची चाकी आत फिरवत जावी तसा वडा लहान होतो, भोक बुजायला लागतं, आता ठिपका होणार असं वाटतं आणि तेवढ्यात नळी आत टेकते. चाकी पुढे सरकत नाही. दुर्बिणीत दोष नसतो, कॅमेऱ्यात नसतो, आभाळही निरभ्र असतं. कमी पडतात ते फक्त तीन-साडेतीन सेंटिमीटर.

दिवाळीच्या आगेमागे हे हमखास घडतं. पाऊस ओसरलेला असतो, सोयाबीन घरात आलेलं असतं, थ्रेशरची धूळ खाली बसलेली असते आणि मुलांसाठी कधीतरी घेतलेली दुर्बीण गच्चीवर निघते. चार दिवस चंद्र, गुरू, शनी पाहून होतात. मग घरातला कोणीतरी लग्नकार्यात वापरायचा कॅमेरा आणतो आणि म्हणतो, याला लावून पाहू. तिथून पुढची ही गोष्ट. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत, माझ्या गच्चीवर ती घडली, तशी ती पुण्यात, लिव्हरपुलात आणि कॅलिफोर्नियातल्या एका डोंगरावरही घडली आहे. फरक फक्त आकारमानाचा.

न्यूटनने १६६८ साली आरशाची पहिली दुर्बीण केली ती डोळ्यासाठी. नळीच्या तळाशी अंतर्गोल आरसा, त्याने गोळा केलेला प्रकाश परत तोंडाकडे येतो, वाटेत पंचेचाळीस अंशांत बसवलेला छोटा तिरका आरसा तो बाजूला वळवतो, तिथे नेत्रिका. ही मांडणी साडेतीनशे वर्षांत बदललेली नाही. नेत्रिकेला फोकसच्या जागेपाशीच बसायचं असतं, म्हणून कारखानदार फोकस फोकसरच्या माथ्याबाहेर जेमतेम दोन सेंटिमीटरवर पाडतो. यात कंजुषी नाही, हिशेब आहे. फोकस जितका बाहेर काढावा तितका तिरका आरसा मोठा लागतो, मोठा आरसा मुख्य आरशावर जास्त सावली पाडतो आणि गुरूचे पट्टे फिके होतात. डोळ्याने पाहणाऱ्याला लहान तिरका आरसाच हवा.

कॅमेऱ्याचं अंग मात्र खोल असतं. कॅननच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत भिंग बसतं त्या कड्यापासून सेन्सर ४४ मिलिमीटर आत आहे, निकॉनच्या ४६.५. त्यावर दुर्बिणीला जोडणारी टी-रिंग चढली की एकूण खोली ५५ मिलिमीटर होते. ही जगभरची ठरलेली मापं आहेत. हवेत ५५, आहेत २०. पस्तीस कमी. थोडी मोकळीक पुढेमागे लागतेच, म्हणून चाळीस धरायचे.

हे चाळीस मिलिमीटर मिळवायच्या तीन-चार वाटा आहेत, आणि दुकानदार सांगतो ती सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत फसवी: बार्लो भिंग घाला. बार्लो फोकस बाहेर ढकलतं हे खरं. पण दुप्पट बार्लो म्हणजे प्रतिमा दुप्पट, उजेड पावपट, आणि एका मिनिटाच्या फोटोला चार मिनिटं. चंद्राला चालतं, ग्रहांना तर हवंच असतं. मृगातल्या तेजोमेघाला नाही. दुसरी वाट बुटका फोकसर घेण्याची. तिसरी, मिररलेस कॅमेरा. त्यात सेन्सर जेमतेम १६ ते २० मिलिमीटर आत असतो, म्हणजे प्रश्नच मिटला, असं वाटतं. पण त्या कॅमेऱ्यांसाठी मिळणाऱ्या टी-रिंगा मुद्दाम लांब केलेल्या असतात, एकूण अंतर ५५च भरावं म्हणून. वाचलेली जागा रिंग खाऊन टाकते. आखूड जोड वेगळा मागून घ्यावा लागतो, हे पैसे देऊन झाल्यावर कळतं.

चौथी वाट म्हणजे मुख्य आरसाच नळीत चाळीस मिलिमीटर वर उचलायचा. आरसा जितका वर जाईल तितका फोकस बाहेर येईल, साधी बेरीज-वजाबाकी. त्यासाठी चांगल्या धडधाकट दुर्बिणीला भोकं पाडावी लागतात, आणि तिथेच बहुतेकांचा हात थांबतो.

माझी दुर्बीण सहा इंची, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, म्हणजे एफ/८. नळी बोअरच्या केसिंगच्या पीव्हीसी पाइपची. त्यामुळे भोकांची भीती कमी, तरी होतीच. खामगाव–जालना रस्त्यावर पंपांचे शाफ्ट आणि थ्रेशरचे बुश काढून देणारं लेथचं दुकान आहे. तिथे नळी टेबलावर आडवी ठेवली तेव्हा मालकांनी ती दोन्ही तोंडांतून पाहिली आणि म्हणाले, ‘भाऊ, इतकी चांगली वस्तू, अन् तिले भोकं पाडून राह्यले तुम्ही?’ मी म्हणालो, आरसा वर घ्यायचाय. ‘मंग आरसा आधी काढून घरी ठेवून या. इथं बुरादा उडते.’ खगोलशास्त्राच्या पुस्तकात हे वाक्य असतं तर किती आरसे वाचले असते.

गोल नळीवर एकशेवीस अंशांची तीन भोकं कशी आखायची, याचं त्यांचं उत्तरही पाहण्यासारखं होतं. कोनमापक नाही, काही नाही. वर्तमानपत्राची पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळली, जिथे टोक भिडलं तिथे कापली, काढून तिच्या तीन समान घड्या केल्या, पुन्हा गुंडाळली. घड्या जिथे आल्या तिथे पंचने टिचकी. जुन्या भोकांच्या ओळीपासून चाळीस मिलिमीटर वर. पीव्हीसीला ड्रिल हळू चालवावं लागतं, नाहीतर कड वितळते आणि किसाचे केस नळीला आतून चिकटतात. ते ओल्या फडक्याने पुसून काढावे लागतात, कारण कोरड्या फडक्याने आणखी चिकटतात. आरशाच्या बैठकीखाली पूर्वीच्या मऊ स्प्रिंगा होत्या. कॅमेऱ्याच्या फोटोत आरसा केसभर हलला तरी दिसतो, म्हणून मोटरसायकलच्या क्लचच्या स्प्रिंगा टाकल्या.

नळीचं काम तासाभरात झालं. वेळ खाल्ला तो कॅमेरा फोकसरमध्ये बसवणाऱ्या बुशाने. बाजारात मिळणारा सव्वा इंची जोड आतून इतका अरुंद असतो की २२ बाय १५ मिलिमीटरच्या सेन्सरचे कोपरे त्यात अडतात, म्हणून दोन इंची करायचा होता. टी-रिंगचे आटे ४२ मिलिमीटर व्यासाचे, पण त्यांची पिच पाऊण मिलिमीटर. नेमक्या याच व्यासाचे, एक मिलिमीटर पिचचे आटे जुन्या कॅमेऱ्यांच्या भिंगांना असत, आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. एकाचा जोड दुसऱ्यात दोन-अडीच फेरे सुखाने जातो आणि मग असा अडकतो की निघत नाही. लेथवर पाण्याच्या पाइपचे इंची आटे रोज पडतात, ०.७५ साठी गिअर बदलावे लागले. मालकांनी पिच गेज टी-रिंगला लावून उजेडाकडे धरलं, फट दिसत नाही ना ते पाहिलं, मगच अॅल्युमिनियमच्या रॉडला टूल लावलं. शेवटचा काप इतका बारीक की कीस निघतोय की नाही ते कळत नव्हतं.

हे वाचून कोणाला वाटेल की ही सगळी गरिबाघरची जुळवाजुळव आहे, खऱ्या वेधशाळांत असं होत नसणार. उलट आहे. आकाशाचं छायाचित्रण ज्यांनी उभं केलं ती माणसं याच जातीची होती. अँड्र्यू एन्स्ली कॉमन हा इंग्रज पेशाने सांडपाण्याच्या कामांचा इंजिनिअर. लंडनजवळ ईलिंगला घराच्या बागेत त्याने ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली आणि १८८३ साली मृगातल्या तेजोमेघाचा असा फोटो काढला की त्यात डोळ्याला कधीच न दिसलेले तारे उमटले. तोवर फोटो म्हणजे डोळ्याने पाहिलेल्याची नोंद एवढीच समजूत होती. पुढच्याच वर्षी रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं.

लिव्हरपूलचा आयझॅक रॉबर्ट्स हा तर इमारतींचा ठेकेदार. त्याने डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून २० इंची दुर्बीण घेतली आणि तिला न्यूटनची मांडणीच ठेवली नाही. तिरका आरसा नको, बाजूचा फोकस नको. फोटोची काच थेट नळीत, मुख्य आरशाच्या समोर. एक परावर्तन वाचलं, तेवढा उजेड वाचला. १८८८च्या डिसेंबरात त्याने देवयानीतल्या तेजोमेघाचा कित्येक तासांचा फोटो घेतला आणि त्यात पहिल्यांदा त्या ढगाचे वळसे दिसले. डोळ्याने पाहणाऱ्याला त्या दुर्बिणीतून काहीच दिसलं नसतं, कारण डोळा लावायला जागाच नव्हती.

त्याच १८८८ साली, त्याच ग्रब यांनी बनवलेली २० इंची दुर्बीण पुण्यात आली. हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पारशी प्राध्यापक. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात असताना भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यांच्या कामासाठी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. त्यातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीच्या आवारात, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथली २० इंची दुर्बीण पुढे कित्येक दशकं देशातली सर्वांत मोठी होती.

नायगमवालांनी तिला नेत्रिकेऐवजी वर्णपटमापक लावला. तेव्हा मृगाच्या तेजोमेघाच्या वर्णपटातल्या एका हिरव्या रेषेवरून इंग्लंडात जोरदार वाद चालू होता. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांचं म्हणणं होतं की ती रेष मॅग्नेशियमची, एका बाजूला पसरत गेलेली आहे, आणि त्यावर त्यांनी तेजोमेघ उल्कांच्या टकरींतून होतात असा सिद्धांत रचला होता. नायगमवालांना वेधशाळा काढायला उत्तेजन देणाऱ्यांत हेच लॉकयर होते. पुण्याच्या दुर्बिणीत ती रेष नीट धारदार दिसली, पसरट नाही, आणि नायगमवालांनी १८९१ साली तसं छापून टाकलं. पाठीराख्याच्या सिद्धांताविरुद्ध, पुण्यातून. मला विचाराल तर या वेधशाळेने केलेलं सर्वांत मोलाचं काम हेच.

लॉकयर पुढे सूर्यग्रहणासाठी कोकणात आले. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण. ते विजयदुर्गाला, नायगमवाला सोलापूरकडे जेऊरला. (विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात. हेलियमची रेष १८६८ सालची, आणि लॉकयर यांनी ती इंग्लंडात बसून पाहिली होती. ते किल्ल्यावर आले होते ते तीस वर्षांनी.) जेऊर निवडलं कारण तिथे रेल्वे होती. खामगाव–जालना रेल्वेची पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहणाऱ्या आम्हा चिखलीकरांना ग्रहण तरी कोण द्यायला येणार! त्याच जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही आले होते, चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन. हा कॅमेरा म्हणजे जमिनीला घट्ट बांधलेली दुर्बीणच. भिंग आणि नळी स्थिर, सूर्य सरकेल तशी आतली काच घड्याळाच्या यंत्राने सरकवायची. सूर्याची प्रतिमा अकरा सेंटिमीटरची पडत असे. डोळा लावायची सोय नाही. मुळातच फोटोसाठी बांधलेली.

त्याच वर्षी तिकडे लिकच्या डोंगरावर जेम्स कीलर हा खगोलशास्त्रज्ञ कॉमनची जुनी ३६ इंची दुर्बीण दुरुस्त करत बसला होता. कॉमनने ती क्रॉस्ली नावाच्या गृहस्थांना विकली होती, त्यांनी ती १८९५ साली लिकला दिली. तिथल्या लोकांना ती नको होती. इंग्लंडच्या अक्षांशासाठी बांधलेली, डुगडुगणारी, मापात न बसणारी. कीलरने खांब कापून बुटका केला, अक्षाचा कल कॅलिफोर्नियाच्या अक्षांशाला आणला, एकेक भाग बदलला. आणि मग तिच्यातून सर्पिल तेजोमेघांचे असे फोटो काढले की त्यांची संख्या लाखाच्या घरात जाणार हे उघड झालं. तो १९०० साली, ऐन बेचाळिशीत गेला. पुढे अमेरिकेत मोठ्या दुर्बिणी आरशाच्याच झाल्या, त्याचं एक कारण ही कापाकापी.

पुण्याच्या दुर्बिणीचं नशीब वेगळं. नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. यंत्रं कोडाईकनालला गेली. तिथली वेधशाळा सूर्याची. तिथे रात्रीच्या दुर्बिणीला काय मान मिळणार? अनेक वर्षांनी, १९८० च्या दशकात ही दुर्बीण लडाखात लेहला नेली गेली, मोठ्या दुर्बिणीसाठी जागा कशी आहे ते तपासायला. मला यात खटकतं ते बंद पडण्यापेक्षा दुसरंच. रॉबर्ट्सची दुर्बीण आणि पुण्याची दुर्बीण एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या. एकाने ती घेतल्याबरोबर मांडणी बदलली, कारण तो स्वतः बांधकामवाला होता आणि हाताखाली कारागीर होते. पुण्यात एकटा प्राध्यापक होता, तोही शिकवण्याच्या कामात बांधलेला. आपल्याकडे पैसा आणि विद्वत्ता दोन्ही कधी ना कधी उभी राहते. त्यांच्या शेजारी लेथवाला बसवायचा राहून जातो. हा दोष नायगमवालांच्या माथी मारता येणार नाही.

आता गच्चीवर परत येऊ. आरसा वर आला, बुश बसला, टी-रिंग घट्ट झाली, चाकी फिरवली आणि ठिपका झाला. सगळं झालं असं वाटण्याची ही वेळ, आणि इथून खरी मजा सुरू होते.

पहिलं म्हणजे वजन. कॅमेऱ्याच्या वजनाने फोकसरची प्लॅस्टिकची दातेरी पट्टी वाकते, आणि दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे वळली की तारा फोकसमधून निघून जातो. यावरचा इलाज, दात्यांऐवजी गुळगुळीत दांडा आणि चार बेअरिंगांत धरलेली नळी, हा क्रेफर्डच्या जॉन वॉल नावाच्या हौशी माणसाने १९७० च्या सुमारास काढला आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. म्हणून आज कोणीही तो करू शकतो. दुसरं, फोकसरची नळी आता आत गेली की तिचं टोक प्रकाशाच्या वाटेत डोकावतं आणि प्रत्येक मोठ्या ताऱ्याचा एक चावा काढलेला दिसतो. टोक हॅकसॉने कापायचं, कड कानशीने घासायची, फळ्याचा काळा रंग लावायचा. तिसरं, नळीचा तळ उघडा असतो. डोळ्याला त्याने काही फरक पडत नाही, पण कॅमेरा दोन मिनिटं उघडा राहिला की शेजारच्या गच्चीवरचा एलईडी मागून शिरतो. तिथे काळ्या कापडाची टोपी.

चौथं मी आधी सांगायला हवं होतं, कारण ते आरसा वर उचलण्याचीच किंमत आहे. मुख्य आरशाकडून येणारा प्रकाशाचा शंकू वर वर निमुळता होत जातो. तिरका आरसा आता मुख्य आरशाच्या जवळ आल्यामुळे त्याला शंकूचा जाड भाग अडवावा लागतो. माझ्या मापात पूर्वी तिथे शंकू साडेबावीस मिलिमीटरचा होता, आता साडेसत्तावीसचा. तिरका आरसा पस्तीसचा, म्हणजे मध्यभागी काही कमी पडत नाही. पण पूर्ण उजेड मिळणारं सेन्सरवरचं वर्तुळ पंधरा मिलिमीटरवरून नऊवर आलं. कोपरे अंधारतात. मोठा तिरका आरसा घालता येतो, मग सावली वाढते. मी घातला नाही. त्याऐवजी संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी नळीच्या तोंडावर पांढरा धुतलेला बनियन ताणून रबराने बांधतो आणि निव्वळ पांढऱ्या आभाळाचे काही फोटो घेतो. त्यांत फक्त दुर्बिणीचे दोष उमटतात, अंधारलेले कोपरे आणि सेन्सरवरची धूळ. नंतर संगणकात रात्रीच्या फोटोला त्यांनी भागलं की कोपरे सपाट होतात. मोठमोठ्या वेधशाळाही हेच करतात, फक्त बनियनऐवजी घुमटाच्या आत पांढरा पडदा असतो.

आणि मग आकाश फिरतं. तासाला पंधरा अंश, म्हणजे सेकंदाला पंधरा विकला. माझ्या जोडणीत सेन्सरचा एक ठिपका पाऊण विकलेहून किंचित कमी जागा व्यापतो, म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवली तर तारा एका सेकंदात वीस ठिपके ओलांडून जातो. चंद्राला याची फिकीर नाही. पौर्णिमेचा चंद्र एफ/८ ला एका सेकंदाच्या दोनशेव्या भागात उमटतो. बाकी सगळ्यासाठी दुर्बीण आकाशाबरोबर फिरवावी लागते, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरा, आणि तिचा अक्ष नेमका ध्रुवाकडे रोखलेला हवा.

चिखलीत ध्रुव जेमतेम वीस अंशांवर आहे. क्षितिजाच्या इतका जवळ की उत्तरेला शेजाऱ्याची टाकी असली तर तो दिसतच नाही. बाहेरून येणाऱ्या, दुर्बीण फिरवणाऱ्या बऱ्याच बैठका युरोप-अमेरिकेच्या चाळीस-पन्नास अंशांसाठी मनात धरून केलेल्या असतात. वीसवर आणायला गेलं की कलाचा बोल्ट पुरत नाही आणि समतोलाच्या वजनाचा दांडा तिपाईच्या पायावर आपटतो. कीलरची अडचण, लहान प्रमाणावर. आमच्याकडे तिपाईच बाजूला ठेवून गच्चीच्या कोपऱ्यात सिमेंटचा खांब आणि त्यावर जाड लोखंडी पट्टीची पाचर, वीस अंशांची. वेल्डिंगवाल्याने कोन विचारला, आणि मी वीस म्हटल्यावर ‘इतका पडेल?’ असं पुन्हा विचारून खात्री केली.

या खालच्या अक्षांशाचा फायदाही आहे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ इंग्लंडातून दिसतच नाही; रॉबर्ट्स आणि कॉमन यांनी तो घरून कधीच पाहिला नसणार. चिखलीत तो मध्यावर येताना दक्षिणेला बावीस अंश वर असतो. उन्हाळ्यात मात्र दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्या हवेतून काढलेला तारा थरथरतो. बुलढाण्याचा घाट थंड म्हणून सगळा जिल्हा थंड, असा बाकीच्या विदर्भातल्या पाहुण्यांचा समज असतो. त्यांना मे महिन्यात रात्री आमच्या गच्चीवर अनवाणी उभं करावं.

चंद्राची प्रतिमा या जोडणीत सेन्सरवर अकरा मिलिमीटरची पडते, म्हणजे अख्खा चंद्र मावतो आणि वर जागा उरते. तो पाहिला की आमच्या जिल्ह्यातला माणूस पहिला प्रश्न विचारतो: यात लोणारएवढं काही दिसतं का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचा हिशेब करता येतो. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. चंद्राच्या अंतरावर ते जवळपास एक विकला भरेल. सेन्सरवर सव्वा-दीड ठिपका. सहा इंची आरशाची भेदनक्षमता पाऊण विकलेच्या आसपास, म्हणजे कागदोपत्री ते दिसायच्या सीमेवर आहे. पण आपल्या हवेत तारा चांगल्या रात्रीही दीड-दोन विकला फुगलेला असतो, त्यामुळे एका फोटोत ते पुसलं जातं. व्हिडिओ काढून हजारो चित्रांतली धारदार तेवढी निवडून एकावर एक रचली तर एखादं काळं टोक दिसू शकतं, लोणार म्हणून ओळखता येईल असं नाही. टायको हे ८५ किलोमीटरचं विवर मात्र साठ ठिपक्यांचं होतं. त्याची भिंत, मधला डोंगर, सगळं दिसतं. गावातल्या शाळेच्या मुलांना हे दोन आकडे शेजारीशेजारी सांगितले की अंतराबद्दल वेगळं काही शिकवावं लागत नाही.

तेजोमेघांसाठी मग कॅमेराच उघडायची वेळ येते. त्यांचा लाल प्रकाश हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटरचा, आणि सेन्सरच्या पुढची गाळणी नेमका तोच बराचसा अडवते, माणसांचे चेहरे तांबडे येऊ नयेत म्हणून. ती काढून टाकलेला कॅमेरा लग्नात नेता येत नाही. मी माझा उघडलेला नाही. मृगाचा तेजोमेघ इतका ठळक आहे की तो गाळणीतूनही येतो. बाकीच्यांसाठी जुना सेकंडहँड कॅमेरा पाहतो आहे.

फोटोसाठीच बांधलेली दुर्बीण आता आपल्याकडेही आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राची दोन मीटरची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवलीला २००६ साली सुरू झाली. तिच्यात नेत्रिका नसते. प्रकाश थेट यंत्रांवर जातो आणि खगोलशास्त्रज्ञ पडद्यासमोर बसतो. ती बनवली लिव्हरपूलच्या एका कंपनीने, रॉबर्ट्सच्या गावी, हा निव्वळ योगायोग. पण दुर्बिणीतून डोळ्याने पाहण्याची हौस आयुकानेही सोडली नाही. हाताने आरसा घासून दुर्बीण करायला शिकवणाऱ्या कार्यशाळा तिथे होत असत, आणि १९४४ पासून चालू असलेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था लोकांना गच्चीवर, माळावर नेऊन आकाश दाखवत आली आहे.

आमच्याकडेही नेत्रिका गेली तर चालणार नाही. आरसा वर उचलल्यापासून फोकस इतका बाहेर आला की नेत्रिका पूर्ण बाहेर ओढली तरी पुरत नाही, आणि कोजागिरीला दुधाची वाट पाहत गच्चीवर रांग लावलेल्या मंडळींना लॅपटॉपवरचा चंद्र दाखवला तर ते म्हणतात, हा तर मोबाइलमध्येही दिसते. त्यांना नळीला डोळा लावायचा असतो. म्हणून बुश काढताना उरलेल्या रॉडमधून लेथवर पस्तीस मिलिमीटरची एक पोकळ नळी करून घेतली. कॅमेरा काढला की ती फोकसरमध्ये बसवायची, तिच्यात नेत्रिका. बसते घट्ट, फक्त अंधारात ती कुठे ठेवली ते सापडत नाही. म्हणून आता दोरीने सिमेंटच्या खांबाला बांधून ठेवली आहे.